ख्रिस कॉर्नेलचा 'युफोरिया मॉर्निंग': रात्री, हळू आवाजात ऐकायचा अल्बम

या अल्बमचं नाव मराठीत लिहायला घेतलं आणि एक गोष्ट लक्षात आली, त्यामुळे आधी तीच सांगते. इंग्रजीत मॉर्निंग असा उच्चार होणारे दोन शब्द आहेत, एकाचा अर्थ सकाळ आणि दुसऱ्यात एक यू जास्त, त्याचा अर्थ शोक. ख्रिस कॉर्नेलला आपल्या पहिल्या सोलो अल्बमचं नाव यू असलेलं, म्हणजे शोकवालं ठेवायचं होतं. मॅनेजर म्हणाला तो यू काढून टाक, जास्त सुंदर वाटेल, आणि कॉर्नेलने ऐकलं. २१ सप्टेंबर १९९९ ला अल्बम आला तो सकाळचं नाव घेऊन. पुढे कितीतरी वर्षं त्याला ते खटकत राहिलं आणि शेवटी २०१५ मध्ये अल्बम परत काढला तेव्हा त्याने कव्हरवर ते अक्षर परत घातलं. म्हणजे एका अक्षरासाठी सोळा वर्षं! आपल्या लिपीत मात्र दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात, काही करावं लागत नाही. आपण लिहितो तेव्हा ती सकाळ पण असते आणि शोक पण असतो, आणि मला खरंच वाटतं की या बारा गाण्यांचं बरोबर नाव तेच आहे.

कॉर्नेल माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सिॲटलचा माणूस, जन्म १९६४, साउंडगार्डनचा गायक. बॅण्ड १९८४ मध्ये सुरू झाला तेव्हा हा ड्रम्स वाजवत वाजवत गायचा, नंतर ड्रमर घेतला आणि हा नुसता गायला उभा राहिला, आणि मग जे झालं ते सगळ्यांनी ऐकलंय. १९९४ चा 'सुपरअननोन' अमेरिकेत थेट पहिल्या नंबरवर आला, त्यातल्या दोन गाण्यांना ग्रॅमी मिळाली. आवाज असा की खालच्या पट्टीत घुमत असतो आणि बघता बघता असा वर जातो की आपलाच घसा दुखायला लागतो, आणि इतक्या वर जाऊनही तो पातळ होत नाही, हे मला आजही कळलेलं नाही की कसं काय. रॉकमध्ये वर ओरडणारे भरपूर आहेत. वर जाऊन भरीव राहणारे मोजकेच.

एप्रिल १९९७ मध्ये साउंडगार्डन फुटलं. त्यानंतर दोन वर्षांनी हा अल्बम.

आता माझी गोष्ट. मी हा अल्बम पहिल्यांदा लावला तेव्हा मला साउंडगार्डनच हवं होतं. स्पीकर मोठ्याने लावलेले, दार बंद, आता तो जड रिफ, म्हणजे गिटारचा परत परत वाजणारा तुकडा येणार, आता भिंती हलणार अशी तयारी. आणि सुरू झालं ते वेगळंच काहीतरी, गिटार अशी पाण्यात बुडवल्यासारखी हलतीय, हा माणूस अगदी जवळ येऊन बोलल्यासारखा गातोय, ओरडतच नाहीये. तीन गाणी ऐकली आणि बंद केला आणि पुढची बरीच वर्षं परत लावला नाही. नंतर बऱ्याच जणांशी बोलले तर त्यांचंही सेम, साउंडगार्डन ऐकलं आणि तिथून डायरेक्ट त्याच्या पुढच्या बॅण्डवर, ऑडिओस्लेव्हवर उडी, मधलं हे स्टेशन कुणी बघितलंच नाही. अल्बम फ्लॉप वगैरे नव्हता, बिलबोर्डच्या यादीत १८ व्या नंबरपर्यंत गेला, 'कान्ट चेंज मी'ला ग्रॅमीचं नॉमिनेशनपण होतं, पण लोकांच्या मनात घर केलं नाही. मला वाटतं कारण सोपं आहे. आवाज तोच होता म्हणून लोक त्याच अपेक्षेने आले, आणि इथे तो आवाज वेगळ्याच कामाला लावलेला होता.

मी परत ऐकला तो माझा एक मित्र गेला त्या वर्षी. त्यावर फार लिहायचं नाहीये. एवढंच की तेव्हा रात्री झोप लागायची नाही आणि मोठ्या आवाजातलं काहीही सहन व्हायचं नाही, आणि फोनमध्ये शफलवर 'वेव्ह गुडबाय' लागलं. मी तोवर ते गाणं धड ऐकलंच नव्हतं, कारण ते सातवं आहे आणि मी तिसऱ्यावरच उठले होते. त्या रात्री ते चार का पाच वेळा ऐकलं, आवाज एकदम कमी ठेवून, आणि मग पहिल्यापासून अख्खा अल्बम. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की याला साउंडगार्डनच्या व्हॉल्यूमवर ऐकलं तर काही हाती लागत नाही.

'वेव्ह गुडबाय' जेफ बकलीसाठी आहे. बकली अमेरिकन गायक, कॉर्नेलचा मित्र, काय गायचा तो हे वेगळं सांगायला नको, २९ मे १९९७ ला मेम्फिसमध्ये वुल्फ रिव्हर नदीत पोहायला उतरला आणि बुडाला. वय तीस. साउंडगार्डन फुटून दोन महिनेपण झाले नव्हते. बकली ज्या रेकॉर्डिंग्जवर काम करत होता ती अर्धवट राहिली, ती त्याच्या मागे १९९८ मध्ये आली आणि त्या कामात कॉर्नेलने बकलीच्या आईला मदत केली. म्हणजे हा माणूस एकीकडे गेलेल्या मित्राच्या टेप्स ऐकत बसला होता आणि दुसरीकडे स्वतःचा पहिला अल्बम मनात जुळवत होता. हे कळल्यावर गाणं वेगळं ऐकू येतं. तो यात मुद्दाम बकलीच्या गळ्याने गातो. नक्कल म्हणवत नाही मला. आपल्याकडे कुणी गेलं की घरातला एखादा जण नकळत त्याच्यासारखा हसायला लागतो, त्याच्यासारखा हात हलवून बोलायला लागतो, तसं वाटतं ते. ती वरची हलकी, खोट्या आवाजातली जागा, ते सुरावरून घसरत घसरत खाली येणं, हे कॉर्नेलचं नाहीच, हे बकलीचं आहे आणि ज्याने दोघांना ऐकलंय त्याला पहिल्या कडव्यातच कळतं. शब्द साधे आहेत. माणूस गेल्यावर आपण स्वतःची समजूत काढत राहतो, होईल सगळं नीट असं म्हणत ताठ उभं राहायचा प्रयत्न करतो आणि आतून नुसतं आडवं व्हावंसं वाटत असतं, एवढंच आहे. यात देव नाही, स्वर्ग नाही, परत भेटू नाही. मला तेव्हा तेच बरं वाटलं.

कॉर्नेलचं हे पहिल्यांदा नव्हतं हेही लक्षात ठेवायला पाहिजे. १९९० मध्ये त्याचा रूममेट अँड्र्यू वुड हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला, मदर लव्ह बोन नावाच्या बॅण्डचा गायक होता तो, आणि त्या दुःखात लिहिलेल्या गाण्यांमधून 'टेम्पल ऑफ द डॉग' हा अल्बम १९९१ मध्ये झाला. पण तेव्हा आजूबाजूला सगळी मित्रमंडळी होती, मोठ्याने रडता येत होतं आणि त्या अल्बममध्ये तो खरंच मोठ्याने रडतो. इथे बॅण्ड संपलाय, मित्र गेलाय, दारू चालू आहे, आणि स्वतःच्या त्या काळाबद्दल नंतर त्याने कधी गोड गोड सांगितलं नाही. त्यामुळे हा शोक आत बसून केलेला आहे. घरातल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसून रडतो तसा.

आणि गंमत बघा, अल्बम झालाय पण घरातच. लॉस एंजेलिसला अलेन योहानेस आणि नताशा श्नायडर हे जोडपं राहायचं, दोघं इलेव्हन नावाचा बॅण्ड चालवायचे, त्यांच्या घरात स्टुडिओ होता आणि अल्बमचं बरंचसं काम तिथेच झालं. कॉर्नेल आणि हे दोघं, तिघांनी मिळून प्रोड्यूस केलाय. अलेन म्हणजे तार असलेली कुठलीही वस्तू हातात दिली तर त्यातून काहीतरी काढणारा माणूस, आणि नताशा पियानो, कीबोर्ड, बास सगळं. त्याआधी १९९७ मध्ये ख्रिसमसच्या एका चॅरिटी अल्बमवर हे तिघं मिळून शूबर्टचं 'आव्हे मारिया' गायले-वाजवले होते, सापडलं तर ऐका, रॉक गायकाने ते गाणं असं काही पेललंय की बास. तर या दोघांमुळे काय झालं की अल्बमला स्टुडिओचा थंडपणा नाही. पियानो खोलीतल्या पियानोसारखा वाजतो. गिटारवर कसलेकसले इफेक्ट आहेत, गोल फिरणारा आवाज, मागे पुसट ऑर्गन, पण ते गाण्याच्या अंगावर येत नाही, खोलीतल्या उजेडासारखं मागे राहतं. रॉक बॅण्डचा गायक एकटा बाहेर पडला की दोनच गोष्टी करतो असा माझा अनुभव आहे, एक तर बॅण्डचीच झेरॉक्स काढतो भाड्याच्या वादकांना घेऊन, नाहीतर एकदम गिटार घेऊन स्टुलावर बसतो. कॉर्नेलने दुसऱ्या एका बॅण्डच्या घरात जाऊन पाहुण्यासारखं राहून अल्बम केला. म्हणून याचा आवाज त्याच्या आधीच्या कशासारखाच नाही आणि नंतरच्या कशासारखापण नाही. त्याचे पुढचे सोलो अल्बम, २००७ चा 'कॅरी ऑन', २००९ चा 'स्क्रीम', २०१५ चा 'हायर ट्रुथ', सगळे ऐकलेत, शेवटचा मला खूप आवडतो, पण ही हवा परत कधी आली नाही.

आता 'व्हेन आय ॲम डाउन'. माझ्यासाठी हे अल्बममधलं सगळ्यात मोठं गाणं. पाचवं आहे. आधीच्या चार गाण्यांत गिटारच गिटार आणि एकदम नुसता पियानो, रात्री उशिरा बारमध्ये खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवल्यात आणि कुणीतरी अजून वाजवत बसलंय असा. ब्लूज आहे ते, संथ, जड पायांनी चालणारं. कॉर्नेल सुरुवातीला जवळजवळ बोलतो. एकेक शब्द पियानोच्या मागून येतो, घाई नाही, कधी कधी तर वाटतं हा आता येतच नाही आणि मग येतो. गाण्यातला माणूस जिला सांगतोय तिला म्हणतो की मी खचलेला असतो तेव्हाच मला तुझ्यावर प्रेम येतं. ऐकायला किती वाईट वाटतं, असं कुणी कुणाला म्हणावं का. आणि मग तो तिला एक गोष्ट ध्यानात ठेवायला सांगतो, की मी कायमच खचलेला असतो. एका ओळीत अपमानाचं प्रेमपत्र होतं! आणि हे तो रडत नाही, शांतपणे सांगतो, हिशोब सांगितल्यासारखं. मग आवाज चढत जातो. आणि इथे त्याचं गाणं काय आहे ते कळतं, कारण साउंडगार्डनमध्ये तो वर जायचा तेव्हा खालून गिटारचा डोंगर त्याला उचलून धरायचा, इथे खाली फक्त पियानोच्या चार पट्ट्या आणि हळू चाललेले ड्रम्स, पडला तर झेलायला कुणी नाही. तरी जातो. आवाज किंचित खरखरतो, फाटायच्या बेतात येतो, आणि फाटत नाही.

या गाण्याची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नताशा श्नायडर २००८ मध्ये कॅन्सरने गेली. त्यानंतर कॉर्नेल एकटा गिटार घेऊन शो करायचा, त्यात हे गाणं आलं की तो पियानोवाला बोलवायचा नाही. स्टेजवर एक टर्नटेबल ठेवलेला असायचा. तो जाऊन त्यावर रेकॉर्ड लावायचा, सुई खाली ठेवायचा, आणि त्या रेकॉर्डवर नुसता नताशाचा पियानो. मग माइकपाशी येऊन तिच्या पियानोवर लाइव्ह गायचा. याचे व्हिडिओ आहेत, मी कितीदा बघितलेत. ती रेकॉर्ड काही त्याच्यासाठी थांबणार नाही, जिवंत पियानोवाली असती तर याने श्वास जास्त घेतला तर तिनेही एक क्षण थांबून घेतलं असतं, पण रेकॉर्ड आपली फिरत राहते, यालाच तिच्याबरोबर चालावं लागतं. दर रात्री. आणि त्याच स्टेजवर बाजूला एक लाल टेलिफोन ठेवलेला दिसतो, जुन्या पद्धतीचा, तारवाला. तो जेफ बकलीचा फोन, त्याच्या आईने कॉर्नेलला दिलेला. तो शोमध्ये कधी वाजत नाही, कुणी उचलत नाही, नुसता असतो तिथे. माझ्या मोबाइलमध्ये माझ्या त्या मित्राचा नंबर अजून आहे, नवा फोन घेतला की त्याच्याबरोबर तोही येतो, म्हणून मला तो लाल फोन का ठेवलाय हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

बरं, बाकीच्या गाण्यांकडे येते.

'कान्ट चेंज मी'ने अल्बम उघडतो आणि सिंगल म्हणून तेच आलं. चाल गोड आहे, पटकन तोंडात बसते, आणि त्यात सांगितलंय काय तर ती काहीही करू शकते, जग बदलू शकते, फक्त मला बदलू शकत नाही. पहिल्यांदा ऐकताना हे टेचात म्हटल्यासारखं वाटतं, मी असाच आहे घे नाहीतर सोड, टाइप. नीट ऐकलं की कळतं की हा माणूस स्वतःवर हताश आहे, त्याला स्वतःमधलं सगळं चुकीचं दिसतंय आणि तरी त्याच्याकडे स्वतःशिवाय दुसरं काही नाही. हे गाणं त्याने फ्रेंचमध्येपण गायलंय, तेही चांगलं आहे.

'फ्लटर गर्ल'ची हकिकत छान आहे. १९९२ च्या 'सिंगल्स' या सिनेमात एक खोटा गायक दाखवायचा होता, तर पर्ल जॅम या बॅण्डच्या जेफ अमेंटने त्याच्या खोट्या कॅसेटसाठी नुसती गाण्यांची नावं तयार केली, आणि कॉर्नेलने ती यादी बघून घरी जाऊन खरंच त्या नावांची गाणी लिहिली! त्यातलं 'सीझन्स' सिनेमाच्या अल्बममध्ये गेलं, 'स्पूनमॅन' साउंडगार्डनचं हिट झालं आणि 'फ्लटर गर्ल' इतकी वर्षं थांबून इथे आलं. गाणं ठीक आहे, मागचं संगीत फिरत राहतं, पण खरं सांगायचं तर मला त्याची गोष्ट गाण्यापेक्षा जास्त आवडते.

'प्रीचिंग द एण्ड ऑफ द वर्ल्ड' मात्र पूर्ण वेगळी गोष्ट. जग संपणार आहे आणि एक चोवीस वर्षांचा मुलगा कुणीतरी शोधतोय, शेवटी बरोबर असायला. वाचवायला नको, लढायला नको, नुसतं सोबत. पेपरात छोट्या जाहिराती असतात ना तशी ही जाहिरात आहे. सुरुवातीला अगदी साधी गिटार आणि आवाजात एक लाजरेपणा, पहिलाच शब्द हॅलो, आणि मग कोरसमध्ये आवाज वर जातो. तो हॅलो मला फार आवडतो. अंधाऱ्या जिन्यात लाइट गेल्यावर आपण कोण आहे का म्हणून हाक मारतो, उत्तर येईल की नाही माहीत नसतं, आपलाच आवाज परत येतो, तसा तो हॅलो आहे. चोवीस हे वय गाण्यात आहे, तो स्वतः तेव्हा पस्तिशीचा होता. मला कितीदा वाटलंय की त्याने मुद्दाम ते वय घेतलं असेल, कारण त्या वयात एकटेपणा आपल्यालाच पहिल्यांदा सापडलाय असं वाटतं.

'फॉलो माय वे' चांगलं, त्याची चाल हळूहळू चढते आणि दोन-तीनदा ऐकल्यावर आवडतं. 'स्वीट युफोरिया'मध्ये फक्त तो आणि गिटार. अल्बमचं अर्धं नाव यात आहे म्हणून मी काहीतरी भव्य अपेक्षिलं होतं आणि हे सगळ्यात छोटं, सगळ्यात उघडं निघालं. हेडफोनवर ऐका, बोटं तारांवर सरकतात तेवढं सगळं जवळ वाटतं. 'पिलो ऑफ युअर बोन्स' हे त्या मानाने अंगातलं गाणं, त्याच्या रिफमध्ये एक घुमणारा, पूर्वेकडचा वाटणारा सूर आहे आणि इथे अलेन-नताशाचा हात सगळ्यात जास्त जाणवतो. ज्यांना साउंडगार्डनमधली ती वाकडी, गुंगी आणणारी बाजू आवडते त्यांनी इथून सुरू केलं तरी चालेल. 'डिसअपिअरिंग वन'वर ड्रम्सला साउंडगार्डनचाच मॅट कॅमरन आहे, आणि माहीत नसलं तरी कान टवकारतात, हातांची ती ओळख लपत नाही. बॅण्ड फुटला होता, माणसं फुटली नव्हती.

आता जे मला पटत नाही ते. 'मिशन' इथे का आहे हे मला कळत नाही. गाणं म्हणून वाईट नाही, रिफ दणकट आहे, जुन्या फॅन्सना आवडेल, २००० मध्ये 'मिशन इम्पॉसिबल २'च्या साउंडट्रॅकमध्ये त्याचं दुसरं व्हर्जनपण गेलं. पण ते येतं कुठे, तर 'व्हेन आय ॲम डाउन' संपल्यावर लगेच! त्या पियानोचा शेवटचा सूर अजून हवेत असतो आणि हे धाडकन सुरू होतं, आणि ते संपलं की 'वेव्ह गुडबाय'. अल्बममधली दोन सगळ्यात नाजूक गाणी आणि त्यांच्या मध्ये हा गोंगाट. सुतकाच्या घरात कुणीतरी टीव्ही लावल्यासारखं. मी माझ्या प्लेलिस्टमध्ये ते उचलून शेवटून तिसरं केलंय आणि अल्बम लगेच सुधारला. 'मूनचाइल्ड' मला अजून पकडता आलेलं नाही, प्रेमळ आहे, तरंगत राहतं, पण संपल्यावर चाल आठवत नाही. आणि काही ठिकाणी शब्द उगाच धूसर आहेत. कॉर्नेलला प्रतिमा एकावर एक रचायची सवय होती, साउंडगार्डनमध्ये त्या आवाजाच्या धुरळ्यात ते खपून जायचं, उलट शोभायचं, पण इथे शब्द स्वच्छ ऐकू येतात, तर जिथे अर्थ नाही तिथे नाही हे कळतं. जिथे तो साधं बोललाय तिथे जिंकलाय. 'व्हेन आय ॲम डाउन'मध्ये एकही अवघड शब्द नाही बघा.

शेवटचं 'स्टील रेन' संथ आहे, लांबत जातं, आणि थकलेल्या माणसाला शेवटी थोडी ताकद यावी तसं शेवटाकडे फुलतं. मला आधी कंटाळवाणं वाटायचं. आता वाटतं की याहून वेगळा शेवट या अल्बमला झेपला नसता, कारण यात कुठे उजाडत नाही, फक्त पाऊस चालू राहतो.

कॉर्नेल १८ मे २०१७ ला डेट्रॉइटमध्ये गेला, आदल्या रात्री साउंडगार्डनचा शो करून. वय बावन्न. तेव्हापासून काही लोक हा अल्बम पुरावा शोधल्यासारखा ऐकतात, बघा इथेच म्हणाला होता, बघा या ओळीत दिसतं. मला ते मुळीच आवडत नाही. हा अल्बम करून तो पुढे अठरा वर्षं जगला, दारू सोडली, नवीन बॅण्ड काढला, साउंडगार्डन परत उभं केलं, त्याला मुलं झाली, शेकडो शो केले. या बारा गाण्यांत एका माणसाने मित्र गेल्याचं, बॅण्ड गेल्याचं आणि स्वतःशी पटत नसल्याचं दुःख नीट बसून गायलंय, आणि ते तेवढंच मोठं आहे, त्याला आणखी शेवट चिकटवायची गरज नाही.

कुणी घ्यावा? साउंडगार्डन आवडतं म्हणून घेणार असाल तर मन मोकळं ठेवून घ्या. जेफ बकली आवडत असेल तर डोळे झाकून घ्या. रॉक अजिबात ऐकत नसाल, गझल ऐकत असाल, भावगीतं ऐकत असाल, आवाजातलं दुःख कळत असेल, तर तुम्हाला हा अल्बम रॉकवाल्यांपेक्षा लवकर कळेल असं माझं प्रामाणिक मत आहे, मी माझ्या आत्याला 'व्हेन आय ॲम डाउन' ऐकवलं तर तिला शब्द फारसे कळले नाहीत पण ती म्हणाली, "कोण गेलंय गं याचं?"

२०१५ चीच कॉपी घ्या, त्याच्या मनातलं नाव त्यावर आहे. आणि पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका. रात्री घर झोपल्यावर हेडफोन लावून आधी पाचवं ऐका, मग सहावं सोडून सातवं, मग उठून पाणी प्या, आणि परत येऊन पहिल्यापासून लावा.